शास्त्रीबोवांचे नाव आणि माझे घर

मी, श्रीमती द्वारका दीनानाथ घैसास, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी शाळेत इंग्रजीची शिक्षिका, आता कोणाचीच नाही, राहणार सदाशिव पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. ॲडव्होकेट तेजस्विनी गद्रे यांनी मला टंकलिखित मसुदा आणून दिला होता. त्यात सगळे होते, फक्त मी नव्हते. म्हणून तो परत केला.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. सुदर्शन रिसबूड यांनी मला वार विचारला, तिथी विचारली आणि शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. मी वजा करत राहिले. आधी तेच कंटाळले. तसा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. कोणी फूस लावलेली नाही. लावायचे प्रयत्न झाले, त्यांची नोंद पुढे येईल.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र, बक्षीसपत्र वा दानपत्र केलेले नाही. 'घैसास गीता-भाषांतर सत्यशोधन मंडळ' या संस्थेने आपल्या यंदाच्या अहवालात असे छापले आहे की, श्रीमती द्वारकाबाईंच्या पश्चात त्यांची सदनिका मंडळाकडे येईल व तेथे वेदशास्त्रसंपन्न विश्वनाथशास्त्री घैसास यांचे स्मारक उभे राहील. अहवालात माझा फोटोही आहे, हार घातल्यासारखी चौकट आखून. मी जिवंत आहे. सदनिका माझी आहे. मंडळाला मी काहीही कबूल केलेले नाही. हे छापणाऱ्या चिटणिसाचे नाव केदार दीनानाथ घैसास असून तो माझा एकुलता एक मुलगा आहे.

कलम २. सदनिका माझी कशी, हे स्पष्ट करते, कारण पुढे कोणीतरी घैसास घराण्याचा वारसा म्हणून गळा काढेल. ती मी माझ्या पगारातून आणि माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून घेतली. माझे यजमान कै. दीनानाथ यांनी तिच्यासाठी दारावरची पाटी आणली. पाटीवर त्यांचे नाव होते. ही सदनिका तीन खोल्यांची, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टविना आहे. इमारत पुनर्विकासाला जायची आहे आणि नवीन इमारतीत थोडी मोठी जागा मिळायची आहे. मंडळाला शास्त्रीबोवांचा पुळका एकाएकी का आला, ते यावरून समजावे.

सध्या या घरात मी, केदार, माझी सून हेमा आणि नात स्वराली असे चौघे राहतो. पुढची खोली मंडळाकडे आहे, म्हणजे तिथे मंडळाची कपाटे, तक्ते आणि रविवारी मंडळाचे सभासद असतात. हेमा पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. केदारने एका चांगल्या इंजिनिअरिंग कंपनीतली नोकरी 'संशोधनाला वेळ मिळावा' म्हणून सोडली, तेव्हापासून हे घर तिच्या पगारावर चालते. स्वराली बारावीचा अभ्यास स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून करत असे. आता ती इंजिनिअरिंगला आहे आणि अजूनही तिथेच बसते. तिला पुढच्या खोलीत बसू द्या, असे मी एकदा सुचवले, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष बापूराव खाजगीवाले मला म्हणाले, "वहिनी, आपण सुशिक्षित आहात. इतिहासाला जागा लागते."

कलम ३. हा इतिहास काय आहे ते सांगते, म्हणजे उद्या वाचणाऱ्याला माझा राग विनाकारण वाटायला नको.

दीनानाथांचे खापरपणजोबा विश्वनाथशास्त्री हे खडकीच्या छावणीत कॅप्टन थॉर्नली नावाच्या साहेबाला संस्कृत शिकवायला जात. पायी जायचे, पायी यायचे आणि आल्यावर अंगणात आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाही, अशी हकीकत घरात सांगतात. पुढे साहेबाने गीतेचे इंग्रजी भाषांतर छापले. प्रस्तावनेत त्याने आपल्या घोड्याचे आभार मानले आहेत, शास्त्रीबोवांचे नाहीत. हे मी स्वतः वाचले आहे आणि मलाही त्याचा संताप आला. शिकवणाऱ्याचे नाव न घेणे हा उद्धटपणा आहे. बत्तीस वर्षे शिकवल्यावर मला तो ओळखू येतो. इथवर मी घैसासांच्या बाजूची आहे.

यापुढे नाही. दीनानाथ बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी कुठल्याशा पुरवणीत वाचले की, विलायतेत काही लोक बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात एका नाटककाराचे नाव शोधतात. त्याच्या वयाइतक्या क्रमांकाचे स्तोत्र उघडायचे, सुरुवातीपासून तितके शब्द मोजायचे, शेवटापासून तितकेच मोजायचे, आणि तिथे सापडलेले दोन शब्द जोडले की त्याचे नाव. रिकाम्या माणसांचा खेळ आहे, विलायतेतही रिकामी माणसे असतात. दीनानाथांनी चहा टाकून दिला आणि म्हणाले, "द्वारका, आपल्या शास्त्रीबोवांनीही हेच केलं असणार."

मी म्हटले, "शास्त्रीबोवांना इंग्रजी येत होतं का?"

"न येता भाषांतर कसं केलं?"

या उत्तरावर मंडळ उभे आहे. शास्त्रीबोवांना इंग्रजी येत होते, कारण त्यांनी भाषांतर केले. त्यांनी भाषांतर केले, कारण त्यात त्यांची खूण आहे. खूण त्यांनीच ठेवली, कारण त्यांना इंग्रजी येत होते. माझ्या वर्गात नववीच्या मुलीने असे उत्तर लिहिले असते तर मी तिला बाकावर उभे केले असते. इथे लोकांनी वर्गणी काढली.

खूण अशी. पुस्तक छापले तेव्हा शास्त्रीबोवांचे वय चौसष्ट. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही, पण चौसष्ट जमते म्हणून चौसष्ट. तर दर चौसष्टावा श्लोक घ्यायचा आणि त्याच्या इंग्रजी भाषांतरातल्या पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर लिहायचे. दहा श्लोकांची दहा अक्षरे, इंग्रजीत विश्वनाथ. ऐकायला छान आहे. पण पहिले अक्षर जमले नाही तर शेवटच्या शब्दाचे घ्यायचे, तेही जमले नाही तर मधल्या एखाद्या शब्दाचे, आणि याला मंडळाच्या भाषेत 'लवचिक वाचन' म्हणतात. या लवचिकपणाने मी त्याच पुस्तकातून आमच्या दूधवाल्याचे नाव काढून दाखवले होते. कोणी हसले नाही.

मात्र शेवटची तीन अक्षरे काही लवचिकपणा न करता जमतात, पहिल्या शब्दाची पहिली अक्षरे, सरळ. त्यांना मंडळ 'अकाट्य त्रयी' म्हणते. बाकी सगळे कोणी खोडून काढले तरी त्रयी उरते, असे बापूराव प्रत्येक भाषणात सांगतात आणि सांगताना तीन बोटे वर करतात.

कलम ४. त्या त्रयीविषयी.

मी सांगलीहून लग्न होऊन या घराण्यात आले. माझ्या माहेरी गीता पाठ होती. सासरी एकादशीला सगळे मिळून गीता म्हणत. पहिल्याच एकादशीला तेराव्या अध्यायाशी मी एकटी पुढे गेले आणि बाकी सगळे मागे राहिले, कारण घैसासांकडे त्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक श्लोक जास्त म्हणतात. काही पोथ्यांत तो असतो, काहींत नसतो, कोणी त्याला क्रमांक देतात, कोणी देत नाहीत. आमच्याकडे नव्हता. सासूबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "तुमच्या माहेरी अर्जुनाला प्रश्न पडत नाहीत वाटतं." तेव्हापासून मी तो श्लोक म्हणते आणि तो विसरायची मला सोय नाही.

कॅप्टन थॉर्नलीच्या पुस्तकात तो श्लोक नाही. माझ्या माहेरच्यासारखेच आहे त्याचे. त्याने समासात आपले आकडे छापले आहेत, ते कोणीही वाचावे. पण दीनानाथांना गीता तोंडपाठ. ते पुस्तकातले आकडे कशाला बघतील? ते डोळे मिटून श्लोक म्हणायचे, बोटांच्या पेरांवर मोजायचे, चौसष्ट झाले की थांबायचे आणि मग त्या श्लोकाचे इंग्रजी शोधायचे. म्हणजे मोजणी आमच्या घरच्या गीतेची आणि अक्षरे साहेबाच्या गीतेची. तेराव्या अध्यायापासून पुढे सगळे एकाने सरकले. 'अकाट्य त्रयी' नेमकी तेराव्या अध्यायापासून सुरू होते. पुस्तकातले आकडे धरून मोजले तर तिन्ही ठिकाणी वेगळेच श्लोक येतात आणि वेगळीच अक्षरे, जी उच्चारताही येत नाहीत.

ज्याला गीता येत नाही त्याच्या हातून ही चूक होणे शक्य नव्हते.

हे मी दीनानाथांना त्याच आठवड्यात सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बायकांनी म्हणावं, मोजू नये." मग मंडळात सांगितले. बापूरावांनी इतिवृत्तात लिहिले की, सौ. वहिनींनी पोहे उत्तम केले होते. त्यानंतर मी मंडळासाठी पोहे केले नाहीत.

कलम ५. वर वर्णन केलेली सदनिका, तिच्या पुनर्विकासातून मिळणाऱ्या सर्व हक्कांसह, मी माझी सून सौ. हेमा केदार घैसास हिला एकटीला, तिच्या पूर्ण मालकीची म्हणून देते. ती विकावी, ठेवावी, भाड्याने द्यावी किंवा तिथे दवाखाना थाटावा, तिची मर्जी. तिने मला दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेत उठवले-बसवले आणि त्याबद्दल कधी ऐकवले नाही. ती बोलते कमी. केदारशी गेली कित्येक वर्षे ती फक्त गॅस सिलिंडर आणि स्वरालीची फी या दोन विषयांवर बोलते. मी हे घर तिला दिले नाही तर माझ्यानंतर ती आणि स्वराली रस्त्यावर येतील आणि त्यांच्या जागी पुतळा येईल. या मृत्युपत्राचे मुख्य कारण हेच आहे, बाकी तोंडी लावणे.

कलम ६. पुतळ्याविषयी. मंडळाने शास्त्रीबोवांचा प्लास्टरचा अर्धपुतळा करून घेतला आहे. शास्त्रीबोवांचे चित्र कुठेही नाही, म्हणून मूर्तिकाराला दीनानाथांचा फोटो दिला आणि पगडी घाला म्हणून सांगितले. परिणामी माझे दिवंगत यजमान पगडी घालून पुढच्या खोलीत बसलेले असतात आणि मला रोज त्यांच्यासमोरून चहा न्यावा लागतो. हा पुतळा, तक्ते, कपाटे आणि अहवालांचे गठ्ठे मी श्री. बापूराव खाजगीवाले यांना देते. ते त्यांनी माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांत स्वतः जिन्याने न्यावेत. इतिहासाला जागा लागते. ती त्यांच्या घरी आहे, मी पाहिली आहे.

कलम ७. माझ्या दोन्ही बँकांतील ठेवी स्वरालीच्या शिक्षणासाठी. माझ्या पाटल्या तिला. पुढची खोली तिला अभ्यासासाठी मिळावी आणि त्या खोलीला आतून कडी बसवावी, अशी हेमाला विनंती. माझे इंग्रजी शब्दकोश मी शिकवले त्या शाळेला, मात्र कपाटात कुलूप लावून ठेवणार नसतील तरच.

माझ्या नणंद मथुराबाई यांनी माझ्या लग्नातला तांब्याचा बंब 'दोन दिवस धुण्याला हवा' म्हणून नेला होता. तो मी त्यांनाच देते. आता त्याच्याकडे बघताना त्यांना अवघडायला नको.

कलम ८. केदारविषयी. या कलमात आधी मी असे लिहिले होते की, माझा मुलगा केदार यास कॅप्टन थॉर्नलीचे पुस्तक द्यावे व दुसरे काहीही देऊ नये. ते कलम मी खोडले आहे. खोडलेल्या ओळीवर माझी आद्याक्षरे आहेत. का खोडले ते लिहिते.

मी ते लिहीत असतानाच केदार माझ्या खोलीत आला. त्याच्या हातात मंडळाने तयार केलेले दानपत्र होते. म्हणाला, "आई, बापूराव विचारत होते. गीताजयंतीच्या वार्षिक सभेत जाहीर करायचं म्हणतात."

मी त्याच्यापुढे कलम चार ठेवले. "आधी हे वाच."

त्याने उभ्यानेच वाचले. त्याला वाचायला वेळ लागला नाही. कागद खाली ठेवून म्हणाला, "हे मला माहीत आहे."

"मी सांगितलं होतं, ते सगळ्यांनाच माहीत आहे."

"तसं नाही. मी मोजून बघितलंय. बाबा दवाखान्यात होते तेव्हा. रात्री बसून राहावं लागायचं, म्हणून पुस्तकातले आकडे धरून मोजलं. तू म्हणतेस तेच येतं. त्रयी नाहीच आहे."

सात वर्षे झाली दीनानाथांना जाऊन. "मग बोलला का नाहीस?"

"बाबांना? त्या वेळी?"

"आणि नंतर?"

तो खाटेच्या कडेवर बसला. पन्नाशीला आलेला माणूस, दीनानाथांसारखाच खांदे पाडून बसतो. "नंतर शोकसभेतच बापूरावांनी मला चिटणीस केलं. सगळे उभे राहिले, आई. माझ्यासाठी. कंपनीत मी बावीस वर्षं होतो, मी आत आलो म्हणून कोणी फोन खाली ठेवला नाही कधी."

मला आयुष्यात इतका राग कोणाचा आला नसेल आणि त्याच वेळी त्याचे इतके वाईटही वाटले नसेल. मी त्याला म्हटले, "तुझे वडील मूर्ख होते. पण त्यांना ते खरं वाटत होतं. तू तर त्यांच्याही खाली गेलास. तुला खोटं आहे हे ठाऊक होतं, आणि त्यावर तू बायकोचा पगार खाल्लास, मुलीला ओट्याखाली बसवलंस."

तो म्हणाला, "हो."

एवढेच. वाद घातला असता तर मी तयारीत होते. घैसासांच्या घरात 'हो' हा शब्द मी फार कमी वेळा ऐकला आहे.

"मग मी काय करू?" त्याने विचारले.

"वार्षिक सभेत उभा राहा आणि सांग. मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे."

तो दानपत्र तिथेच विसरून गेला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हे कलम लिहिते आहे. कागद चांगला आहे, वर्गणीचा आहे.

कलम ९. हे कलम गीताजयंतीनंतर लिहिले. वार्षिक सभा पेठेतल्याच एका मंगल कार्यालयात झाली. मी रिक्षाने गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. मंडळाच्या सभेत मी पहिल्यांदाच पोह्यांशिवाय गेले होते. व्यासपीठावर पुतळा आणलेला होता, त्याला हार होता. बापूरावांनी तीन बोटे वर करून झाली. मग चिटणिसांचे निवेदन.

केदारने अहवाल वाचला नाही. त्याने फळ्यावर पुस्तकातले आकडे लिहिले, घरच्या पाठातले आकडे लिहिले, तेराव्या अध्यायाशी रेघ मारली आणि सांगितले की मोजणी एकाने चुकलेली आहे, त्रयी नाही, आणि हे त्याला सात वर्षे माहीत होते. वाक्ये पुरी होती.

मला वाटले, आता याला मारतात. आणि खरे सांगते, मला त्याचा अभिमान वाटत होता, तो लिहून ठेवायला माझी हरकत नाही.

मग बापूराव उठले. त्यांचा चेहरा फुलला होता. "म्हणजे साहेबाच्या पुस्तकात तो श्लोक नाही," ते म्हणाले. "घैसासांच्या घरी आहे, साहेबाच्या पुस्तकात नाही. मित्रहो, शास्त्रीबोवांनी तो जाणूनबुजून गाळला. साहेबाला कळू नये आणि आपल्या रक्ताच्या माणसालाच कळावा, म्हणून. जो घरचा पाठ म्हणेल त्यालाच नाव सापडेल. हीच तर किल्ली. आणि ती आज आपल्या चिटणिसांनी शोधली."

टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. माझ्या शेजारचे निवृत्त गृहस्थ रुमालाने डोळे पुसत मला म्हणाले, "घराण्याचं रक्त बोलतं हो शेवटी." मी त्यांना विचारले की रक्त कुठल्या क्रमांकाचे धरायचे, पुस्तकातल्या की घरच्या. त्यांनी मान डोलावली. आतून शाल आणि नारळ आला. मला वाटते, तो आधीपासूनच तयार होता, फक्त कोणाला द्यायचा ते ठरायचे होते.

केदार व्यासपीठावर उभा होता आणि सगळे सभागृह त्याच्यासाठी उभे होते. हेच त्याला हवे होते. मी त्याच्याकडे बघायचे सोडून खाली बघू लागले, कारण तो शाल घेणार अशी माझी खात्री झाली होती. घेतली असती तर कोणी त्याला दोष दिला नसता, उलट मंडळाने आणखी एक खोली मागितली असती.

त्याने ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "शास्त्रीबोवांनी काही गाळलं नाही," तो म्हणाला. "माझ्या बाबांचं मोजायला चुकलं. साधी चूक झाली. आणि आईचं घर मंडळाला मिळणार नाही, ते मी अहवालात खोटं छापलं होतं. माझा राजीनामा घ्या."

तो खाली उतरला आणि सरळ दाराकडे गेला. बापूराव क्षणभर शाल धरून उभे राहिले. मग त्यांनी ती पुतळ्याला पांघरली. टाळ्या झाल्याच. पुढे ठराव झाला की किल्लीच्या शोधाचे श्रेय कै. दीनानाथ यांना देण्यात यावे, आणि तो एकमताने मंजूर झाला. ही माणसे माझ्या मरणानंतरही अशीच मोजत राहतील, त्यांना माझे काही सांगणे नाही.

कलम १०. घरी आलो तेव्हा दुपार टळली होती. केदार कार्यालयाबाहेर माझ्यासाठी थांबला होता, आम्ही एकाच रिक्षाने आलो. हेमा त्या दिवशी अर्धी रजा घेऊन घरी होती. केदार बूट काढून पुढच्या खोलीत न जाता स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "सोडलं सगळं."

हेमाने विचारले, "जेवलास का?"

"आज एकादशी."

"माहीत आहे. भगर केलीय, दाण्याची आमटी आहे. बस."

हेमा उपास करत नाही. मला डॉक्टरांनी बंद करायला लावला. स्वराली उपास म्हणजे काय ते विचारते. भगर तिने सकाळीच करून ठेवली होती, सभेत काय होणार हे कोणालाच ठाऊक नसताना. मी तिला तसे नंतर विचारले. ती म्हणाली, "आई, तो काहीही बोलून आला असता तरी उपाशीच आला असता."

त्या संध्याकाळी मी हेमाला बोलावून विचारले की, कलम पाच तसेच ठेवते, पण केदारला या घरात हयातभर राहण्याचा हक्क असावा असे एक कलम घालू का. तेजस्विनीबाई म्हणतात, घालता येते. हेमाने माझ्या हातातला कागद बघितला. मग म्हणाली, "नका घालू. तुम्ही लिहून दिलंत तर तो राहीलच. त्याला राहायचं असेल तर मला विचारू दे."

केदार बाहेर होता, त्याला ऐकू गेले असावे. आठ दिवस झाले. या आठ दिवसांत त्याने एका ओळखीच्याकडे हंगामी कामाचे विचारले, सिलिंडर स्वतः वर आणला, आणि विचारले मात्र नाही. म्हणून हे कलम मी कोरे ठेवले होते.

आज सही करायला डॉ. रिसबूड आणि खालच्या सुशीलाबाई येऊन बसल्यावर, त्या दोघांच्या देखत, केदार स्वयंपाकघरात गेला. भिंती पातळ आहेत, आम्हा तिघांना ऐकू आले. तो म्हणाला, "हेमा, मी इथे राहू का?"

नळ चालू होता, तो हेमाने बंद केला. मग म्हणाली, "माझं मी नंतर सांगते. आधी स्वरालीला विचार."

स्वराली कॉलेजातून पाचला येते. केदार दार उघडून जिन्याच्या तोंडाशी तिची वाट बघत उभा आहे. मी तिच्यासाठी थांबू शकत नाही, डॉक्टरांना दवाखाना उघडायचा आहे. केदारसाठी या मृत्युपत्रात कोणतेही कलम नाही. घर हेमाचे आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. तेजस्विनी गद्रे यांनी करावी. वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, एका ठिकाणी खोडला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे बरोबर असल्याने दोन साक्षीदारांसमोर त्यावर सही करते. साक्षीदारांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, चहा मिळाला आहे.

सही: द्वारका दीनानाथ घैसास

श्रीमती द्वारकाबाई यांनी आमच्या समक्ष, शुद्धीत व स्वखुशीने सही केली. आम्ही त्यांच्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. सुदर्शन माधव रिसबूड, सदाशिव पेठ, पुणे

साक्षीदार २: सुशीला वामन पेंडसे, तळमजला, वरील इमारत

स्थळ: पुणे
दिनांक: ९ डिसेंबर २०२५, मंगळवार, दुपारी साडेचार